वीस पावलांवरून

“पुढे दोन सायकली,” थेल्मा म्हणाली. “एक लाल सदऱ्याचा, एक पिवळ्या. पिवळा जरा जास्तच रस्त्यात आलाय.”

“दिसतोय,” लायोनेल म्हणाला आणि मग त्याने पाय ब्रेकवर नेला.

आधी सांगणं, मग दिसणं, हा क्रम थेल्माला आता पाठ झाला होता. बॉनेटखालच्या सुपरचार्जरची शीळ बारीक होत होत थांबली. गाडी सायकलींच्या मागे दबकत चालली. डाव्या बाजूला बसलेल्या थेल्माने मांडीवरचा जेवणाचा डबा सावरला आणि वळणापलीकडून काही येतंय का, ते मान लांब करून पाहिलं.

“आता मोकळा आहे. जा.”

लायोनेलने पाय दाबला. शीळ परत वर चढली. हवा जबरदस्तीने इंजिनात कोंबणारं ते यंत्र तीन हजार फेऱ्यांच्या वर गेलं की शेळी हरवलेल्या गुराख्यासारखं ओरडायला लागायचं, आणि ते ओरडायला लागलं की लायोनेलच्या चेहऱ्यावरची दहा वर्षं उतरायची. एकोणऐंशीतून दहा गेली तरी एकोणसत्तर उरतातच, पण तेवढंही थेल्माला पूर्वी पुरायचं.

मार्चबँक कंपनीने असल्या एकतीस गाड्या बनवल्या आणि दिवाळं काढलं. आज त्यातल्या एकोणीस उरल्या होत्या. सुटे भाग कुठेच मिळत नसत. सुपरचार्जर दुरुस्त करणारा एक माणूस कीघलीला होता, तो निवृत्त झाला तेव्हा लायोनेल दोन दिवस जेवला नव्हता. गाडी घेतल्यापासून थेल्माच्या संसारातल्या सगळ्या सहली हिनेच झाल्या होत्या. आल्प्सला गेले ते दोन लहान बॅगा घेऊन, कारण तिसरीच्या जागी पंप, पट्टे आणि तेलाचे डबे होते. पोरं मागच्या अर्ध्यामुर्ध्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून मोठी झाली. आणि थेल्मा मांडीवर नकाशा घेऊन रस्ता सांगत राहिली. ‘दोनशे यार्डांवर उजवीकडे, मग पूल, मग लगेच चढ.’ अडतीस वर्षं ती बोलतच होती.

त्यामुळेच कोणाच्या काही लक्षात आलं नाही. गेल्या दोन वर्षांत पूल आणि चढ कमी झाले आणि त्यांच्या जागी मेंढ्या, सिग्नल, पोरं, खड्डे आले. ऐकणाऱ्याला फरक कळणार कसा? लायोनेल गारसाइडची बायको गाडीत तोंड मिटत नाही, हे स्किप्टनपासून रिचमंडपर्यंत सगळ्यांना ठाऊकच होतं.

फेब्रुवारीत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. नजरेच्या मधोमध डाग आहे, कडेचं दिसेल, समोरचं नाही, आता गाडी बंद. परवाना खात्याला तुम्ही स्वतःच कळवा. लायोनेलने मान डोलावली, घरी येऊन तो फॉर्म स्वयंपाकघरातल्या खणात ठेवला आणि म्हणाला, “मे महिन्याची मार्चबँक मंडळाची फेरी होऊ दे.” थेल्माने चार वेळा आठवण करून दिली. चारही वेळा मे महिनाच पुढे आला. तिला स्वतःला कळवता आलं असतं. एकदा तिने पाकिटावर पत्तासुद्धा लिहिला होता. पण ज्याच्याशी पन्नास वर्षं संसार केला त्याच्या पाठीमागे चुगली करायची, या विचाराने तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं आणि पाकीट चुलीत गेलं. ती थकली होती. डोळे त्याचे गेले होते आणि दुखत तिचे होते.

“फाटक आलं,” ती म्हणाली. “उजवीकडे. खांबाला सांभाळ.”

आस्क्रिगच्या पबामागच्या कुरणात अकरा मार्चबँक ओळीने उभ्या होत्या. बॉनेटं उघडी, त्यांच्यात वाकलेली पांढरी डोकी, घडीच्या खुर्च्या, थर्मासमधला चहा. कोणाच्या तरी गाडीखाली तेलाचा थेंब पडत होता आणि चौघं त्याच्याकडे नातवाकडे बघावं तसं कौतुकाने बघत होते.

“आली गारसाइडची शिट्टी!” डेनिस हॉलिंग्स हातातली यादी हलवत आला. मंडळाचा सचिव, वय एक्याऐंशी, गळ्यात दोरीला अडकवलेलं पेन. लायोनेलचा सगळ्यांत जुना मित्र. “काय रे म्हाताऱ्या, वाटेत कुठे ढकलावी लागली का?”

“तुझी लागली असेल. माझी स्वतःच्या पायांनी येते.”

“बरं बरं. चल, परीक्षा दे आधी. सगळे सुटले, तू एकटा राहिलायस.”

या परीक्षेत काही उघडकीला येईल, एवढ्या एका आशेवर थेल्मा आज आली होती. नाही तर तिने पाठीचं दुखणं काढलं असतं आणि पाठीमागोमाग फेरीही बुडवली असती.

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाने फेरीआधी वीस पावलांवरून गाडीच्या नंबराची पाटी वाचून दाखवायची, असा मंडळाचा रिवाज होता. कायदा सांगतो तेवढंच अंतर. विमा कंपनीने एकदा विचारलं म्हणून सुरू झालं आणि मग चालू राहिलं. डेनिस गवतावर दोरी टाकायचा, समोरच्या एखाद्या गाडीकडे बोट दाखवायचा आणि उत्तर आलं की यादीत खूण करायचा. आता त्या कुरणात गाड्या असायच्या फक्त मार्चबँक. त्यांचे नंबर या लोकांना स्वतःच्या मुलांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ. रंग दिसला की नंबर तोंडात यायचा. मागच्या वर्षी जॉफ्रीने तर डोळे मिटून नंबर सांगितला होता आणि सगळं कुरण हसलं होतं. इतक्या वर्षांत कोणी नापास झालं नव्हतं, आणि याचं कोणाला नवलही वाटत नव्हतं.

पण गाडीतून उतरताच थेल्माला एक गोष्ट दिसली होती. दोरीच्या बरोबर समोर हिरवी गाडी उभी होती. जेरल्ड हार्टलीची. जेरल्ड मागच्या हिवाळ्यात गेला, गाडी हॅरोगेटच्या कॅरोलिन नावाच्या बाईने घेतली, आणि जेरल्डने हौसेने मिळवलेला ‘जी एच ६१’ हा नंबर त्याच्या बायकोने, मॉरीनने, ठेवून घेतला. ती पाटी आता मॉरीनच्या स्वयंपाकघरात टांगलेली होती. हिरव्या गाडीवर आता दुसरीच पाटी होती. डब्ल्यू व्ही के ३१८ टी. कॅरोलिन पबात कॉफी प्यायला गेली होती.

थेल्माला खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आज होऊन जाईल. तो चुकेल, डेनिस हसून म्हणेल, ‘काय रे, जेरल्ड गेला ना?’ मग गोष्ट निघेल, आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. दुसरं कोणीतरी सांगेल. तिने चहाचा कप घेतला आणि दोरीपासून चार हातांवर जाऊन उभी राहिली.

लायोनेल दोरीशी आला. टोपी सरळ केली. डेनिसने पेन वर केलं.

“ती हिरवी.”

लायोनेलने मान थोडी तिरकी केली. अलीकडे तो सगळीकडे असाच बघायचा. जरा वेळ लागला. मग तो खणखणीत आवाजात म्हणाला, “जी एच एकसष्ट.”

डेनिसने गाडीकडे पाहिलं. यादीकडे पाहिलं.

“बरोबर! लायोनेल गारसाइड, पास.” आणि खूण केली.

थेल्माचा चहा बशीत सांडला. लायोनेल दोरीवरून पाय उचलून थेट गाडीकडे निघून गेला. तिने डेनिसला बाजूला घेतलं.

“डेनिस, ती पाटी बघितलीस ना तू?”

“बघितली की.”

“नीट?”

“अगं थेल्मा,” तो पेनाच्या दोरीशी चाळा करत म्हणाला, “जाऊ दे ना आता. सगळे खोळंबलेत. अडतीस वर्षं आपण एकत्र फिरतोय.”

आणि तो फाटकाकडे निघाला. थेल्मा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मैत्री निभावली म्हणायची! नवी मालकीण आली, कागद सचिवाकडे आले असणारच, त्याला माहीत नाही असं कसं होईल? माहीत असून त्याने कानाडोळा केला. मित्राचा मान राहिला आणि त्याचा जीव परत बायकोच्या बोलण्यावर सोडला. तिला डेनिसचा इतका राग आला की सांडलेला चहा तिने पुसलासुद्धा नाही.

एकेक गाडी फाटकाशी जात होती. डेनिस घड्याळ बघून झेंडी दाखवत होता. शेवटी तो स्वतः निघणार होता. बटरटब्सचा घाट चढून पलीकडे उतरायचं आणि फिरून परत यायचं, तीस मैल. घाटात एका बाजूला दरी आणि वरून शनिवार, म्हणजे सायकलवाल्यांचं पीक.

लायोनेलने इंजिन गरम करून ठेवलं होतं. थेल्मा शेजारी बसली, डबा मागे ठेवला, रस्त्याचा कागद मांडीवर घेतला.

“हं,” तो म्हणाला. “सांग.”

तिने काही सांगितलं नाही.

“थेल्मा? पुढे कोण आहे?”

पुढे जॉफ्रीची निळी गाडी होती, तिच्यापुढे आणखी तीन. तिने कागदाची घडी घातली. निळी गाडी हलली. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला, मग वळसा घालून पुढे गेलं. मग आणखी एक. जाणाऱ्यांनी हात हलवले. लायोनेलने प्रत्येक वेळी आवाजाच्या दिशेने हात वर केला. त्याचे दोन्ही हात मग परत चाकावर आले आणि तिथेच राहिले. गाडी जागेवर गुरगुरत होती, आणि थेल्माने दोन शब्द बोलल्याशिवाय तो तिला हातभरही हलवू शकत नव्हता.

कुरण रिकामं झालं.

“तू बोलणार नाहीस तर,” तो म्हणाला.

“नाही.”

“बरं झालं.”

त्याने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं आणि एकदम मेंढ्यांची बें बें ऐकू यायला लागली.

“मार्चमध्ये मॉरीनकडे चहाला गेलो होतो ना आपण,” तो काचेकडे बघत म्हणाला. “तू तिच्याबरोबर बाग बघायला गेलीस. मी आत होतो. खिडकीशेजारी ती पाटी टांगलीय. मी हात फिरवून वाचली.”

थेल्मा त्याच्याकडे वळली.

“जेरल्डच्या गाडीवर आज काय आहे ते मला दिसलं नाही. हिरवं काहीतरी आहे एवढंच दिसलं. पण जी एच एकसष्ट नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तेच सांगितलं.”

“मुद्दाम?”

“मग काय! म्हटलं, डेनिस नापास करेल. सगळ्यांसमोर करेल, थट्टा करेल, एक दिवस वाईट वाटेल. पण माझ्या हाताने तो फॉर्म भरायला नको. चार वेळा खण उघडला मी, थेल्मा. जमत नाही गं.” तो थोडा थांबला. “त्या गाढवाने पास केलं.”

“मला वाटलं होतं तो बोलेल.”

“मला वाटलं होतं तू बोलशील.”

पन्नास वर्षांचा संसार आणि दोघं एकाच दारात, तू आधी, तू आधी, करत उभे. थेल्माला हसूही आलं आणि रडूही, आणि दोन्हीसाठी तिच्यात जोर उरला नव्हता. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो तसाच राहू देऊन लायोनेलने दुसऱ्या हाताने दार उघडलं.

“ऊठ. तू चालव.”

“मी? अरे, अडतीस वर्षांत तू मला हिला जागची हलवू दिलं नाहीस. मला आपली ती बाजारहाटाची छोटी गाडी बरी.”

“ऊठ म्हणतो ना.”

तो बॉनेटला हात लावत लावत पुढून आला. ती दुसऱ्या बाजूने. बॉनेटच्या टोकाशी गाठ पडली तेव्हा त्याने टोपी काढून तिला वाट दिली, आणि तिने ‘चल, नाटकी’ म्हणून त्याला पुढे ढकललं.

चाक तिला वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. सीट पुढे ओढता ओढता तिला धाप लागली.

“क्लच कडक आहे,” तो डावीकडून म्हणाला. “दोन्ही पाय लावावेत असं वाटेल. एकच लाव. जास्त दाबलास की शीळ घालेल, तेव्हा घाबरू नकोस.”

“अडतीस वर्षं ऐकतेय ती. मला सांगतोय!”

पहिल्या गिअरमध्ये, आचके देत, गाडी फाटकापर्यंत गेली. डेनिस झेंडी काखेत मारून यादी तपासत होता. त्याची स्वतःची करडी गाडी शेजारीच उभी होती. इंजिन चालू, दार उघडं, आत कोणी नाही.

“अरे, आहात कुठे तुम्ही? मी म्हटलं...” तो खिडकीशी वाकला आणि थबकला. “हे काय?”

“चालक बदललाय,” लायोनेल म्हणाला. “लिही. थेल्मा गारसाइड. शहात्तर वर्षं.”

“लायोनेल...”

“सत्तरीच्या पुढची आहे. तिचीही परीक्षा घे. रिवाज म्हणजे रिवाज. आणि हे बघ, आपल्यातली गाडी नको. पलीकडे काहीतरी लाल थांबलेलं दिसतंय मला कडेने. टपालाची गाडी असणार. ती दे.”

रस्त्यापलीकडे टपालाची लाल गाडी खरंच उभी होती. पावलं मोजली असती तर वीसच्या आत भरली असती. टपालवाली बाई एका दाराशी पाकीट आत सारत होती. थेल्माने चष्मा नाकावर सरकवला.

“वाय के सहा नऊ. एच जे टी.”

डेनिस टपालाच्या गाडीकडे बघत राहिला. मग त्याने यादी उलटी केली, मागची बाजू बघितली, परत सरळ केली. या नंबराचं तिथे काय असणार? पेन कागदावर टेकलं होतं, पण खूण होत नव्हती. थेल्माने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. तो पापण्या बारीक करून, मान थोडी तिरकी धरून, बघत होता. ही तिरकी मान तिच्या ओळखीची होती.

“थांब, चुकलं माझं,” ती सावकाश म्हणाली. “शेवटचं टी नाही. पी आहे. हो ना?”

“हो, हो,” डेनिस घाईने म्हणाला. “पीच. पी. बरोबर आहे.”

पाटीवर टी लख्ख दिसत होता, आणि त्याने खूण केली.

लायोनेलला पाटी दिसत नव्हती, पण ऐकू सगळं येत होतं. थेल्माचा मघाचा राग कुठल्या कुठे गेला. मैत्री नाही, कानाडोळा नाही, काहीच नव्हतं तिथे. नुसती यादी होती, आणि यादीत अजून जेरल्डचा जुना नंबर होता.

करडी गाडी शेजारी धडधडत उभी होती.

“ती बंद कर, डेनिस,” ती म्हणाली. “आणि किल्ली खिशात टाक.”

“अगं, मी शेवटून यायचंय. मागे कोणी अडकलं तर...”

“तू आमच्याबरोबर येतोयस.”

लायोनेल आधीच उतरला होता. त्याने चाचपडत आपल्या सीटची कळ शोधली, सीट पुढे पाडली आणि दार धरून उभा राहिला. थेल्माने मागचा जेवणाचा डबा उचलून पुढे घेतला.

डेनिस करड्या गाडीत वाकला. तिचं इंजिन थांबलं. यादीची चार घड्या करून त्याने ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. एक पाय आत टाकला, कण्हला, दुसरा टाकला, आणि एके काळी गारसाइडांच्या पोरांनी बसावं तसा गुडघे हनुवटीशी घेऊन मागे बसला.

लायोनेलने सीट सरळ केली आणि दार लावलं.

थेल्माने आरसा नीट केला. आरशात डेनिसचा चेहरा आला. त्याची बायको ग्लोरिया दर वर्षी फेरीच्या वेळी पबातच थांबायची. गाडीत तिला मळमळतं, असं डेनिस सगळ्यांना सांगायचा.

“ग्लोरियाला मी सांगू,” थेल्माने विचारलं, “की तू सांगशील?”

डेनिस खिडकीबाहेर बघत होता.

“तिला माहीत आहे,” तो म्हणाला.

थेल्माने क्लच सोडला. गाडीने एक गचका खाल्ला आणि ती बंद पडली. कोणी हसलं नाही. तिने पुन्हा किल्ली फिरवली.